खडकाने नाकारलेले धातू

पितळेच्या पातेल्यात ताक किंवा चिंचेचं वरण ठेवलं की ते कळकतं, हे आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून वर्षातून एकदा तरी घरातली भांडी कल्हईवाल्याकडे जायची. तो भांडं भट्टीवर चांगलं तापवायचा, नवसागराची चिमूट टाकायचा, भसकन पांढरा धूर निघायचा, आणि लगेच कथलाची कांडी आतून टेकवून वितळलेला थेंब कापसाच्या बोळ्यानं भराभर सगळीकडे फिरवायचा. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. त्यानं भांड्यावरचा ऑक्साइडचा थर निघून जातो आणि कथील नीट चिकटतं. कथील अवघ्या 232 अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून एवढं काम कोळशाच्या साध्या भट्टीवर भागतं. वर बसलेला थर अगदी पातळ असतो, पण आंबट पदार्थ आणि पितळ यांची गाठ पडू न देण्यास तो पुरेसा होतो.

आज विदर्भातल्या दिग्रसच्या बाजारात कल्हईवाला शोधावा लागेल. कथील मात्र पूर्वीपेक्षा जास्त घरांत पोचलं आहे. मोबाइल असो, टीव्ही असो की शेतातल्या मोटरपंपाचा इलेक्ट्रॉनिक स्टार्टर, आतल्या सर्किट बोर्डावर सुटे भाग जोडणारा डाख मुख्यतः कथलाचाच असतो. जगात तयार होणाऱ्या कथलापैकी निम्म्याच्या आसपास कथील डाखकामातच जातं. त्याच बोर्डावर पुष्कळदा लहानसे पिवळे किंवा काळे ठोकळे दिसतात. त्यांतले काही टँटलमचे कपॅसिटर असतात. टँटलमची बारीक भुकटी दाबून, भाजून तिचा सच्छिद्र गोळा करतात आणि त्याच्या कणाकणावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा चढवतात. एवढ्याशा जागेत एवढा विद्युतभार साठवणारा आणि वर्षानुवर्षं भरवशानं चालणारा दुसरा मार्ग सहज सापडत नाही.

स्वभावानं हे दोन्ही धातू दोन टोकांचे आहेत. कथील चुलीवर वितळतं, तर टँटलमला तीन हजार अंशांच्या वर तापवावं लागतं. कथील मऊ आणि हलक्या कामाचं. टँटलमला बहुतेक आम्लं काही करू शकत नाहीत आणि शरीरातले द्रवही नाहीत, म्हणून शस्त्रक्रियेत हाडांच्या कामी ते येतं. तरी निसर्गात ते वारंवार एकाच ठिकाणी सापडतात: विशिष्ट जातीचे ग्रॅनाइट आणि त्यांच्यातून फुटलेल्या पेग्मटाइटच्या शिरा. असं का होतं, हे समजून घ्यायला सुरुवात दिग्रसपासूनच करता येते, कारण दिग्रसच्या दगडात या दोहोंचा मागमूस नाही.

काळ्या दगडाचा मुलूख

दिग्रस, दारव्हा, पुसद हा सगळा पट्टा बेसाल्टचा. कपाशीची काळी माती याच दगडाची झीज होऊन झालेली, अरुणावतीचं पात्र याच दगडातून कोरलेलं, आणि रस्त्यावर पडते ती गिट्टीही याचीच. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे लोट एकावर एक पसरत गेले. हा लाव्हा पृथ्वीच्या प्रावरणातून, म्हणजे कवचाच्या खालच्या थरातून आलेला. तो अकराशे-बाराशे अंश तापलेला होता, भराभर वर आला, पसरला आणि थिजला. त्यात लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम भरपूर. कथील आणि टँटलम जवळपास नाहीच, आणि जे होतं ते वेगळं होऊन एका जागी गोळा व्हायला सवडच मिळाली नाही.

या काळ्या थराखाली मात्र जुना मुलूख दडलेला आहे. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल छिद्र पाडून पाहिलं, तेव्हा 338 मीटर बेसाल्टनंतर गाळखडकाचा पातळसा थर लागला आणि त्याच्याखाली अब्जावधी वर्षांपूर्वीचे ग्रॅनाइटी खडक. कोयनेलाही बेसाल्टच्या तळाशी ग्रॅनाइटच निघाला. दिग्रसहून नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाकडे, देगलूर-बिलोलीला गेलं की ते जुने खडक छिद्र न पाडताच उघड्यावर दिसतात. पूर्वेला वणी-पांढरकवड्याचा चुनखडक आणि कोळसा ओलांडून गडचिरोलीत शिरलं की पुन्हा तेच.

दख्खनच्या जुन्या माणसांनाही कथलाची ही टंचाई भोवली असावी. प्रवरेकाठच्या दायमाबादला 1974 मध्ये धातूच्या चार भरीव मूर्ती सापडल्या: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. त्यांच्या रासायनिक तपासणीत तांब्याबरोबर आर्सेनिक आढळलं. तांबं कडक करायला कथील उत्तम. ते हाताशी नसेल तर आर्सेनिकयुक्त तांब्यावरही भागवता येतं.

बाकावर जागा नाही

पृथ्वीच्या कवचात सरासरी पाहिली तर टनाला साधारण दोन ग्रॅम कथील असतं आणि टँटलम त्याहूनही थोडं कमी. खडकातून कथील काढणं परवडायचं असेल तर टनाला निदान काही किलो हवं, म्हणजे हजारपटीहून अधिक गोळाबेरीज. टँटलमच्या खाणीत टनाला दोन-तीनशे ग्रॅम असलं तरी चालतं, पण तीही शेकडो पट झाली. एवढी जमवाजमव निसर्ग करतो तरी कशी?

जमिनीखाली काही किलोमीटर खोलीवर ग्रॅनाइटचा शिलारस सावकाश, लाखो वर्षं थंड होत जातो. थंड होताना एकेका खनिजाचे स्फटिक बाहेर पडतात आणि प्रत्येक स्फटिकात अणूंच्या जागा ठरलेल्या असतात. भरलेल्या एसटीत जसं तिघांच्या बाकावर आडव्या अंगाच्या माणसाला कुणी सरकून जागा देत नाही, तसंच इथे होतं. फेल्डस्पारला सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम हवं. क्वार्ट्झला सिलिकॉनशिवाय कुणी चालत नाही. टँटलमच्या आयनावर पाच धन भार असतात. तो आकारानं लहान असला तरी भाराचा हिशेब कुठल्याच मोठ्या खनिजात जुळत नाही. लिथियम, बेरिलियम, सीझियम यांचीही प्रत्येकाची काही ना काही अडचण. स्फटिक बनत जातात, शिलारस आटत जातो आणि नको असलेले सगळे उरलेल्या रसात दाटत जातात. ग्रॅनाइटचा शंभरावा भाग उरतो तेव्हा त्यात या धातूंचं प्रमाण कित्येक पट झालेलं असतं.

कथलाची गोष्ट थोडी निराळी आहे. शिलारसात ऑक्सिजन मुबलक असेल तर कथलाचा आयन चार भारांचा होतो, आणि तो टायटॅनियम व लोहाच्या जागांत बऱ्यापैकी मावतो. मग कथील मॅग्नेटाइट, स्फीन, काळं अभ्रक अशा सामान्य खनिजांत थोडं थोडं विखरून संपून जातं. ऑक्सिजन कमी असेल तर मात्र ते दोन भारांचं राहतं, कुठेच मावत नाही आणि शेवटपर्यंत रसातच राहतं. म्हणूनच सगळे ग्रॅनाइट कथलाचे नसतात. जपानी भूशास्त्रज्ञ शुन्सो इशिहारा यांनी 1977 मध्ये ग्रॅनाइटचे दोन वर्ग पाडले, मॅग्नेटाइट असलेले आणि इल्मेनाइट असलेले. कथलाचे साठे मुख्यतः दुसऱ्या वर्गाशी निगडित असतात. समुद्राच्या तळाशी साचलेला कार्बनयुक्त चिखल खोल गाडला जाऊन वितळला की असा कमी ऑक्सिजनचा ग्रॅनाइट तयार होतो. देगलूरचा ग्रॅनाइट इमारतीला देखणा दिसतो, पण नुसता ग्रॅनाइट आहे म्हणून त्यात कथील शोधायला निघणं व्यर्थ.

पेग्मटाइट नावाची शीर

शेवटच्या उरलेल्या रसात पाणी, फ्लोरिन, बोरॉन आणि लिथियमही दाटलेलं असतं. यांच्यामुळे दोन गोष्टी होतात. रस पातळ होतो आणि तो थिजण्याचं तापमान खूप खाली येतं. मूळ ग्रॅनाइट घट्ट झाल्यावरही हा रस भेगांतून आजूबाजूच्या खडकांत घुसत राहतो. तिथे तो थिजतो तेव्हा स्फटिकांची सुरुवात फार थोड्या जागी होते आणि प्रत्येक स्फटिकाला वाढायला भरपूर वाव मिळतो. त्यातून जो भरड खडक होतो तो पेग्मटाइट. त्यात तळहाताएवढी अभ्रकाची पानं आणि वीतभर फेल्डस्पार ही नेहमीची बाब. अमेरिकेत दक्षिण डाकोटातल्या एटा खाणीत स्पॉड्युमीन या लिथियमच्या खनिजाचा एक स्फटिक सुमारे 14 मीटर लांब निघाला होता. एसटीची बस त्यापुढे तोकडी पडावी.

पेग्मटाइटच्या शिरेत कडेपासून गाभ्यापर्यंत पट्टे पडतात. कडेला बारीक दाणा, मग फेल्डस्पार आणि अभ्रक, मधोमध पुष्कळदा निव्वळ गारगोटी. मूळ ग्रॅनाइटपासून जितकं दूर जावं तितक्या शिरा दुर्मीळ धातूंनी अधिक श्रीमंत होत जातात. जवळच्या शिरांत काहीच नाही, पुढच्यांत बेरिल, मग कोलंबाइट-टँटलाइट, आणि सगळ्यांत दूर लिथियम, सीझियम, कथील. जांभळट लेपिडोलाइट अभ्रक दिसलं की भूशास्त्रज्ञाची पावलं मंदावतात, कारण ते लिथियमचं अभ्रक असतं आणि शीर शेवटच्या टप्प्यावर पोचल्याची ती खूण असते.

टँटलम आणि त्याचं जुळं भावंड निओबियम यांचीही इथेच फारकत होते. दोघं एकाच खनिजात, कोलंबाइट-टँटलाइटमध्ये, एकमेकांच्या जागी बसतात. मात्र निओबियमचं खनिज रसात कमी विरघळतं, म्हणून आधी बाहेर पडतं. टँटलम मागे राहतं. म्हणून एकाच दाण्याचा गाभा निओबियमचा आणि कडा टँटलमच्या असं सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. शीर जितकी उशिराची, तितकं टँटलम जास्त.

यापुढे दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. टँटलम घरकोंबडं. शिलारसातच त्याचं खनिज बनतं आणि ते सहसा पेग्मटाइट सोडून जात नाही. कथील भटकं. शिलारसातून सुटणाऱ्या तप्त खारट पाण्यात ते क्लोराइडच्या रूपानं विरघळतं, भेगांतून दूर जातं आणि थंड जागा मिळाली की कॅसिटेराइट या आपल्या खनिजाच्या रूपात बसतं. वाटेत हे पाणी ग्रॅनाइटमधला फेल्डस्पार कुजवून त्याचं अभ्रक आणि क्वार्ट्झ करतं. अशा खडकाला ग्रायझेन म्हणतात. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या जुन्या कथील-खाणी आणि आपल्याकडे हरियाणाच्या भिवानी जिल्ह्यातलं तोशाम ही अशा भटक्या कथलाची ठिकाणं.

इंद्रावतीपलीकडचं कथील

मराठी मुलखाला सगळ्यांत जवळचं कथील गडचिरोलीच्या पूर्वेला, इंद्रावतीपलीकडे बस्तरमध्ये आहे. भूशास्त्रात गडचिरोली आणि बस्तर एकाच प्राचीन भूखंडाचे भाग मानले जातात. तिकडची हलबी बोलीही मराठी कानाला बरीच ओळखीची वाटते. दंतेवाडा आणि सुकमा जिल्ह्यांच्या परिसरातली काटेकल्याण, तोंगपाल, चिउरवाडा, गोविंदपाल, मुंडवाल ही गावं आणि सीमेपलीकडचा ओडिशाचा मलकानगिरी असा हा पट्टा. सुमारे 230 कोटी वर्षांपूर्वीच्या पलियम ग्रॅनाइटच्या आजूबाजूला पेग्मटाइटच्या शिरा आहेत आणि त्या प्रामुख्यानं बेंगपाल गटातल्या काळ्या, लोह-मॅग्नेशियमयुक्त खडकांत घुसलेल्या आहेत. काळ्या खडकात पांढरी शीर लांबूनही नजरेत भरते. काही शिरांत लेपिडोलाइट आहे, कॅसिटेराइटबरोबर कोलंबाइट-टँटलाइटही आहे.

1970 च्या दशकात इथल्या कथलाची नोंद झाली, तेव्हा बस्तर मध्य प्रदेशात होतं. आज भारतात कथलाचं खनिज प्रत्यक्ष काढणारं राज्य छत्तीसगडच आहे, आणि ते काढण्याची पद्धत खाणीपेक्षा नाल्याशी जोडलेली आहे. लाखो वर्षांच्या पावसानं पेग्मटाइट कुजतो. फेल्डस्पारची माती होते, अभ्रकाचे पापुद्रे वाहून जातात. कॅसिटेराइट मात्र कुजत नाही आणि पाण्यापेक्षा जवळजवळ सात पट जड असल्यामुळे दूरही जात नाही. ते नाल्याच्या तळाच्या रेती-गोट्यांत बसून राहतं. गावकरी ती रेती खणून पाण्यात थाळ्यानं घोळवतात. क्वार्ट्झची घनता 2.65, त्यामुळे गोल हिसक्याबरोबर ती काठावरून निघून जाते आणि तळाशी तपकिरी-काळे, चकचकीत दाणे राहतात. मूठभर दाणे हातात घेतले की आकाराच्या मानानं ते इतके जड लागतात की कुणी सांगायची गरज पडत नाही. स्थानिक आदिवासी हे खनिज गोळा करून छत्तीसगड खनिज विकास महामंडळाला विकतात.

दाणा कथलाचाच आहे का, याची जुनी कसोटी कुठल्याही कॉलेजच्या प्रयोगशाळेत करता येईल. जस्ताच्या तुकड्यावर दाणा ठेवायचा आणि त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचं. बुडबुडे येऊ लागतात, आणि काही मिनिटांत काळ्या दाण्यावर राखाडी धातूचा पापुद्रा चढतो. जस्त आणि आम्ल यांच्या झटापटीतून सुटलेला हायड्रोजन खनिजातला ऑक्सिजन काढून घेतो आणि पृष्ठभागावरचं कथील उघडं पडतं. गार्नेट, टूर्मलीन किंवा लोहखनिजाच्या दाण्यावर असा लेप चढत नाही.

थाळ्यात कॅसिटेराइटबरोबर टँटलाइटही राहतं, कारण तेही जडच. भट्टीत कथील वितळून बाहेर येतं आणि टँटलम मळीत उरतं. आग्नेय आशियात कित्येक वर्षं ही मळी कचरा म्हणून टाकून दिली जात होती. इलेक्ट्रॉनिक्सची मागणी वाढल्यावर तिचं मोल कळलं. थायलंडमध्ये फुकेतला कथलाच्या मळीतून टँटलम काढण्याचा कारखाना उभा राहिला, पण प्रदूषणाच्या भीतीनं लोक रस्त्यावर उतरले आणि जून 1986 मध्ये तो सुरू होण्याआधीच जाळला गेला. नुसत्या भूशास्त्रानं धातू हाती येत नाही, गावाचा विश्वासही लागतो, हा त्यातला धडा.

विदर्भात काय आहे?

कथील आणि टँटलम यांची मोठी नोंद विदर्भात नाही. पण त्यांच्याच कुळातलं टंगस्टन आहे. नागपूर जिल्ह्यातल्या कुही, खोबना, आगरगाव या पट्ट्यात साकोली गटाच्या खडकांत ते सापडतं. आगरगावच्या वुल्फ्रमाइट या टंगस्टनच्या खनिजावर एल. एल. फर्मर या भूशास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात लिहिलं होतं. टंगस्टनही ग्रॅनाइटमधून सुटलेल्या तप्त पाण्याबरोबर भटकतं. त्याचं दुसरं खनिज शीलाइट दिवसा पांढऱ्या गारगोटीत मिसळून जातं, पण अंधारात त्यावर अतिनील दिवा धरला की निळसर-पांढरं उजळतं. म्हणून शीलाइट शोधणारे भूशास्त्रज्ञ रात्री कामाला लागतात. टंगस्टन आहे म्हणून कथील असेलच असं नाही, पण शोध कुठून सुरू करावा याचा तो इशारा असतो.

या शोधाची यंत्रणा नागपुरातच बसलेली आहे. भारतीय खाण ब्युरो, खनिज समन्वेषण महामंडळ, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य क्षेत्र आणि अणुखनिज संचालनालयाचं प्रादेशिक कार्यालय, सगळी इथेच आहेत. टँटलमशी अणुखनिज संचालनालयाचा संबंध जुना आहे, कारण कोलंबाइट-टँटलाइटमध्ये पुष्कळदा युरेनियम-थोरियम असतं. त्यामुळे दीर्घकाळ ही खनिजं अणुखनिजांच्या यादीत, सरकारी संस्थांपुरती राखीव होती. हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये टँटलम आणि निओबियम तयार होतं. 2023 मध्ये केंद्र सरकारनं 30 अत्यावश्यक खनिजांची यादी काढली, तिच्यात कथील, टँटलम आणि निओबियम तिन्ही आहेत. त्याच वर्षी खाणकायद्यात दुरुस्ती होऊन लिथियम, टँटलम, निओबियमसह सहा खनिजं खासगी क्षेत्रासाठी खुली झाली. छत्तीसगडमधल्या कटघोरा इथल्या लिथियमच्या क्षेत्राचा लिलाव 2024 मध्ये झाला.

ऑस्ट्रेलियातल्या ग्रीनबुशेसची कहाणी इथे उपयोगी आहे. तिथे 1888 पासून कथील काढत होते. पुढे त्याच पेग्मटाइटमधून टँटलम आणि आता जगातल्या मोठ्या लिथियम-खाणींपैकी एक चालते. एकाच शिरेचा तीनदा तीन कारणांसाठी उपयोग झाला. बस्तर आणि पूर्व विदर्भातल्या जुन्या अहवालांकडेही या नजरेनं पुन्हा पाहायला हवं. नाल्यातली गाळमाती, झाडाखालची माती, पेग्मटाइटमधलं अभ्रक यांच्या तपासणीचा खर्च खोल छिद्रं पाडण्याच्या मानानं फार थोडा असतो, आणि अभ्रकातलं लिथियम, रुबिडियम, सीझियम मोजूनच शीर किती श्रीमंत असेल याचा अंदाज बांधता येतो. नागपूर आणि अमरावती विद्यापीठांच्या भूशास्त्र विभागांना करण्याजोगं हे काम आहे.

जमवलेलं विखुरताना

टँटलमला दुसरीही काळी बाजू आहे. काँगोच्या पूर्व भागात हत्यारबंद टोळ्यांनी कोल्टान विकून, म्हणजे कोलंबाइट-टँटलाइट विकून, लढाया पोसल्या. म्हणून 2010 च्या अमेरिकन कायद्यानं कंपन्यांना कथील, टँटलम, टंगस्टन आणि सोनं कुठून येतं हे जाहीर करायला लावलं. कारण साधं आहे. हे धातू थोड्या जागी एकवटलेले असतात, आणि जिथे एकवटलेले तिथे कुणी ना कुणी ताबा घ्यायला येतंच.

ही एकवटण्याची किमया खडकानं कोट्यवधी वर्षं घालून केली. प्रत्येक स्फटिकानं नाकारलेला अणू शेवटच्या थेंबात गोळा झाला, त्यातून शीर झाली, पावसानं शीर कुजवली, नाल्यानं दाणे निवडले. आपण मात्र त्याच धातूचा मिलिग्रॅम मिलिग्रॅम वाटा कोट्यवधी मोबाइलमध्ये टाकतो आणि मोबाइल बिघडला की भंगारात देतो. सोनं आणि तांबं काढून घ्यायला भंगारवाल्यापासून कारखान्यापर्यंत साखळी तयार झाली आहे, कारण त्यात लगेच पैसा दिसतो. कपॅसिटर वेगळे करणारं फारसं कुणी नाही, म्हणून वापरून टाकलेल्या उपकरणांतलं टँटलम जगभर जवळजवळ सगळंच मातीत जातं. नव्या खाणींचे लिलाव हवेतच, पण ई-कचऱ्याच्या नियमांत असे कपॅसिटर सोडवून वेगळे जमा करण्याची सक्ती आणि त्याला भाव, या दोन गोष्टी आल्या तर वर्षागणिक वाढत जाणारी एक खाण आपल्या शहरांत आधीच तयार आहे. तिच्यासाठी कुठलं जंगल तोडावं लागत नाही आणि कुठल्या ग्रामसभेची जमीनही मागावी लागत नाही.